विमलताई जेवतायत

मी पत्रकं लिहिते. वर मथळा, मधे मजकूर, खाली मागण्या आणि सभेची जागा. आजवर जे काही लिहिलं ते कुणाला तरी जाब विचारायला. माणसावर लिहायची मला सवय नाही, आणि विमलताईंवर लिहायचं तर जाब नेमका कुणाला विचारायचा हेही ठरत नाही. पण परवा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका शिलाईखान्यात पत्रकं घेऊन गेले, तर मशीनवरच्या बाईने हातच पुढे केला नाही. म्हणाली, "आधी बस. चपातीचा तुकडा खा. ताईंच्या हाताखालची तू, आणि तुला एवढं ठाऊक नाही?"

खाल्ला. मग तिने पत्रक घेतलं. घरी आले आणि हे लिहायला बसले.

विमलताई गायकर आमच्या समितीत माझ्या आधीपासून होत्या. आमची समिती म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढ्या पट्ट्यात कारखान्यातल्या बायकांचे आणि बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या लोकांचे प्रश्न घेऊन भांडणारी दहा-बारा दमलेली माणसं. विमलताई स्वतः वर्षानुवर्षं जीन्सचे धागे कापायचं काम करत होत्या. पँट शिवून झाली की लोंबणारे दोरे कापायचे, दिवसभर, उकिडवं बसून. त्यामुळे गुडघे गेलेले. बाकी बाई दणकट. अंगाने रुंद, आवाजाने रुंद, आणि खायला पक्क्या.

हे खाण्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे बाईमाणूस दुसऱ्याच्या घरी "नको, नको, आत्ताच झालं" म्हणतं आणि उपाशी परत येतं. विमलताई उंबरा ओलांडतानाच विचारायच्या, "काय केलंयस गं आज?" मग मांडी ठोकून बसायच्या आणि खायच्या. बोटं चाटून, दुसऱ्यांदा मागून. सुकटीचं कालवण, वालाचं बिरडं, शिळ्या भाताला फोडणी, काहीही. पण एक अट होती. घरातली बाई शेवटी जेवणार असेल तर विमलताईही शेवटी, तिच्याबरोबर. तोवर भिंतीला टेकून बसून राहायच्या. मग दोघी समोरासमोर बसल्या की ती बाई आपसूक बोलायला लागायची. नवऱ्यापुढे, सासूपुढे, माझ्या वहीपुढे जे कधी निघालं नसतं ते भाकरीबरोबर निघायचं. जेवण झालं, हात धुतला, की विमलताई माझ्याकडे न बघता हात मागे करायच्या. "दे आता." त्यानंतर मी पत्रक द्यायचं. त्याआधी नाही.

मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. एका दुपारी पन्नास दारं व्हायला हवीत तिथे आमची पाच व्हायची. मी एकदा तसं बोललेही.

"तुझी पन्नास दारं काय करतात त्या कागदाचं?" त्यांनी विचारलं.

"वाचतात."

"भजी बांधतात. ज्या घरात आपण खाल्लं त्या घरात कागदावर भजी ठेवायला बाई लाजते."

मला त्या 'ठळक' म्हणायच्या. माझ्या पत्रकात सगळ्याच ओळी ठळक टायपात असायच्या म्हणून. लांबून दिसले की हाक, "आली गं आमची ठळक! कुणाचा निषेध आज?" आणि पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला की डोळे मिटून ऐकायच्या. शेवटी एवढंच, "बरंय. पण ओरडतंय. दमलेल्या माणसाला ओरडलेलं ऐकू येत नाही, ठळक."

त्यांच्या कारखान्याची मालकीण सिंधी होती. लाजवंती तिचं नाव, पण सगळ्या तिला लाजदादी म्हणायच्या. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. कारखाना कसला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात मशीन. बायकांना संडास नव्हता. गल्लीच्या टोकाला जावं लागायचं आणि गेलेली मिनिटं कापली जायची. मी पत्रक लिहिलं, अर्थात सगळं ठळक. विमलताई म्हणाल्या, "मी स्वतः देते तिला." गेल्या, मागे मी. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे येतं. लाजदादीने ते केलं. विमलताईंनी पापड खाल्ला, पाणी प्यायल्या, दुसरा पापड मागून घेतला, तोही खाल्ला. मग हात झटकला आणि माझ्याकडे हात मागे केला.

"दादी, खाणं झालं. आता हे वाच. तुझ्याविरुद्ध आहे."

लाजदादी बघतच राहिली. "मेरा ही पापड खाके मेरे ही खिलाफ?"

"मग काय उपाशी भांडू?"

संडास झाला. लगेच नाही, बरीच तोंडातोंडी झाल्यावर. पण त्या दोघींचं बोलणं कधी तुटलं नाही, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही पुरतं कळत नाही.

दुसरी आठवण सरकारी कचेरीची. बारवीच्या वाटेवरच्या पाड्यांसाठी एक आरोग्य उपकेंद्र बांधलेलं आहे. रंग दिलेलं, पाटी लावलेलं, कुलूप घातलेलं. डॉक्टर नाही, नर्स येते तेव्हा येते. तिथे डॉक्टर बसवा, या एका मागणीसाठी आम्ही ज्या खेपा घातल्या त्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही, कारण ठेवला असता तर हे काम सोडलं असतं. दर वेळी दारावरचा शिपाई एकच सांगायचा, "साहेब जेवतायत. थांबा." अकराला गेलो तरी साहेब जेवतायत. तीनला गेलो तरी साहेब जेवतायत. मी एका पत्रकाचा मथळाच तो केला, 'साहेब जेवतायत!', आणि खाली जे लिहिलं ते समितीने छापू दिलं नाही.

विमलताई मात्र बाकावर ऐसपैस बसायच्या. "जेवू दे गं. उपाशी माणूस कधी सही करत नाही." आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढून शिपायाला विचारायच्या, "तू जेवलास का रे बाबा?" तो बहुतेक वेळा जेवलेला नसायचा.

आता पारूबाईचं. पाड्यावरचं पहिलं घर तिचं. बारकी, सुकलेली, जंगलातून मोळ्या आणून उभं आयुष्य काढलेली म्हातारी. विमलताईंना ती "ताय" म्हणायची आणि अगंतुगं करायची. एका दुपारी आम्ही तिच्याकडे होतो. नाचणीची भाकरी आणि तिखट चटणी. विमलताईंनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली ताटाच्या कडेला सरकवली.

पारूबाईचा घास हातातच राहिला. "ताय, अर्धी भाकर ठेवलीस?"

"भरलं गं पोट."

"तुजा? अर्ध्या भाकरीत?" ती हसली नाही. "कवापासून असा होतंय?"

"अॅसिडिटी आहे. गोळी घेते."

"तोंड बघ तुजा. राखेवानी झालाय. दाकव कुनाला तरी."

मी तिथेच बसले होते. मला अर्धी भाकरी दिसलीही नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठल्या पुढाऱ्याचा फोटो आहे ते बघत होते.

विमलताईंच्या घरी पोटाचं औषध होतंच. त्या गुलाबी पातळ औषधाच्या बाटल्या, रिकाम्या, खिडकीत ओळीने. एकीत मनीप्लँट लावलेला. बाईच्या पोटात जळजळतं म्हणजे गॅस. बाई म्हणते दुखतंय म्हणजे उपास बाधला. बाई थकली म्हणजे वय झालं. औषधाच्या दुकानात उभं राहून 'जळजळतंय' म्हटलं की बाटली मिळते, आणि बाटलीने थोडं बरं वाटतं, हीच तर पंचाईत. इथे मला ठळक टाइप वापरावासा वाटतो. वापरत नाही.

गायकर काका, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला अगदी कमी. पण पारूबाईचं ऐकून तेच त्यांना ओढून डॉक्टरकडे घेऊन गेले. रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने गोळ्या लिहून वाटेला लावलं नाही. म्हणाली, तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघू. ती सोय आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नव्हती. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नंबर लावला. नंबर लागला. जठराच्या खालच्या बाजूला एक लहानशी जखम दिसली, तिचा तुकडा तपासायला गेला, आणि कॅन्सर निघाला.

सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. वाकडी पिशवी, तिच्या खालच्या टोकाशी एक ठिपका. अगदी सुरुवातीचा आहे, आतल्या अस्तरापुरता. खालचा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढू, उरलेली पिशवी आतड्याला जोडू. त्यानंतर औषधं चढवायची बहुतेक गरज पडणार नाही. "इतक्या लवकर आमच्याकडे फार कमी लोक येतात," ते म्हणाले. "तुम्हाला वेळेवर सापडलं."

"मला नाही सापडलं," विमलताई म्हणाल्या. "पारूला सापडलं."

मग त्यांनी त्या चित्राकडे पुन्हा पाहिलं. "डॉक्टर, मी नंतर जेवू शकेन का?"

"जेवाल की. थोडं थोडं."

"तसं नाही. लोकांच्या घरी?"

सर्जनना प्रश्न कळला नाही. काकांना कळला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. पोटावर मोठा काप नाही, लहान लहान भोकं. बाहेर बाकावर काका आणि मी. काकांनी तेवढ्या वेळात एकच वाक्य उच्चारलं, "बिरड्याला वाल भिजत घालून आली आहे ती. फुकट जाणार."

नंतरचे दिवस मात्र कंटाळ्याचे. कॅन्सर म्हटलं की लोकांना मरण आठवतं. तिथे वॉर्डात आम्ही सगळे वाट कसली बघत होतो, तर वारा सरायची. आतडी पुन्हा चालू झाली याची ती खूण. नाकात नळी, हातात सुई, आणि सकाळ-संध्याकाळ सिस्टर पलंगाशी येऊन मोठ्याने विचारणार, "आजी, गॅस पास झाला का?" समोरच्या पलंगावरची बाई, तिची सून, झाडूवाल्या मावशी, सगळ्यांच्या माना वळायच्या.

"एवढ्या आस्थेने आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं," विमलताई कुजबुजल्या. हसल्या तर टाके दुखले, म्हणून हसायचं अर्धवट राहिलं.

झाला एकदाचा. वॉर्डात टाळ्या वाजायच्या बाकी होत्या. मग चमच्याने पाणी. मग भाताची पेज गाळून. मग घरी.

घर म्हणजे विठ्ठलवाडी डेपोमागच्या जुन्या इमारतीतली एक खोली. तिथे गायकर काका स्वयंपाकाला लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं चहासुद्धा हातात घेतला, तो मऊ भात, मुगाचं वरण, दुधी किसून शिजवायला लागला. सगळं एकाच चवीचं, एकाच रंगाचं. ताईंना सहा-सात वेळा खायचं होतं, दर खेपेला जरासं, चावून चावून पातळ करून. जेवताना पाणी नाही, पाणी नंतर. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. गोड तर जपूनच.

मी जायचे तेव्हा त्या पाटावर वाटी घेऊन बसलेल्या असायच्या. ब्लाउज सैल, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. चार चमच्यांत पोट गच्च. मग थांबायचं. मग अजून एक चमचा. आणि हे संपतंय तोवर काका पुढची वाटी लावायच्या तयारीत.

"काय वाटतं गं सांगू?" एकदा म्हणाल्या. "पूर्वी भूक लागली की बरं वाटायचं, चला, काहीतरी खायचंय म्हणून. आता भूकच लागत नाही. घड्याळ लागतं. धागे कापायचं काम परवडलं. त्यात निदान बोलायला माणसं होती."

बाहेरून खालच्या वडापावच्या गाडीवरचा तळणीचा वास यायचा. त्या उठून खिडकी लावून घ्यायच्या. विमलताई तळणीच्या वासाला खिडकी लावतात, हे मला त्यांच्या ऑपरेशनपेक्षाही जड गेलं.

जरा बळ आल्यावर त्यांनी पाड्यावर जायचा हट्ट धरला. काका नको म्हणत होते. मीही म्हणत होते, पण माझा आवाज जरा कमीच होता. त्यांच्याशिवाय पाड्यावर माझी पत्रकं कुणी घेत नव्हतं.

पाड्याला आमच्या आधी बातमी गेलेली. ताय मरणाच्या दारातून आली. ताय वाळली. आणि अशक्त माणसाला काय द्यायचं, याबद्दल सगळ्या पाड्याचं एकमत होतं. गोड. पारूबाईने नाचणीची खीर केली होती, गूळ सढळ हाताने, नारळाचं दूध घालून. शेजारणीने खरवस राखून ठेवलेला, गाय व्यायली होती तिची. तिसरीने चहात साखर अशी घातली की चमचा उभा राहावा. स्वतःच्या पोरांना सणाला मिळत नाही ते सगळं ताईंपुढे.

मी म्हणाले, "ताई, नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या बाईने एकाही घरात 'नको' म्हटलं नव्हतं तिने आता काय म्हणायचं होतं? त्यांनी पारूबाईची वाटी संपवली. दुसऱ्या घरचा खरवस घेतला. चहा घेतला. वरून पाणी प्यायल्या, कारण पारूबाईने तांब्या पुढे केला.

तिसऱ्या घरातून बाहेर पडताना त्या भिंतीला धरून थांबल्या. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, छाती धडधडतेय ते पदरावरून दिसत होतं. "ठळक, धर गं मला," एवढं म्हणाल्या आणि ओट्यावर बसता बसता कलंडल्या.

बायका धावल्या. कुणी कांदा आणला, कुणी पायाचे तळवे घासले. पारूबाई लांब उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरून. "माज्या हातानं झाला," ती म्हणत होती. "माज्या हातानं."

काही वेळ आडवं पडून राहिल्यावर त्यांना बरं वाटलं. टमटम मिळायला मात्र खूप वेळ गेला. उपकेंद्र पन्नास पावलांवर होतं. पाटी, रंग, कुलूप, सगळं जागच्या जागी.

तपासणीत काही वावगं निघालं नाही. सर्जननी पुन्हा कागद घेतला, पुन्हा ती पिशवी काढली, आता निम्मी. पूर्वी पिशवीच्या खालच्या टोकाशी दार होतं, ते थोडं थोडं खाली सोडायचं. दार पिशवीच्या खालच्या भागाबरोबर गेलं. आता गोड खाल्लं की ते धाडकन आतड्यात उतरतं आणि सगळं अंग गडबडतं. कॅन्सर परत आलेला नाही. थोडं खा, गोड टाळा, जेवताना पाणी पिऊ नका. हे त्यांनी आधीही सांगितलं होतं.

पण पाड्यावर आणि कॅम्पात भलतंच पसरलं. ताईंना पुन्हा झालं. आता काही खरं नाही. पारूबाई काही दिवसांनी विठ्ठलवाडीपर्यंत आली, इमारतीखाली उभी राहिली आणि जिना न चढताच परत गेली. खालच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून कळलं.

आणि विमलताई घराबाहेर पडेनात. मी नवीन पत्रकाचा मसुदा घेऊन गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "छान आहे," म्हणाल्या. त्यांनी माझं काहीही 'छान' म्हणणं म्हणजे त्यांचं लक्ष नसणं.

"कधी येताय?"

"येऊन काय करू? लोकांच्या दारात नुसती बसू? ती बाई ताट वाढणार, मी नको म्हणणार. मग ती मला तिच्या मनातलं का म्हणून सांगेल? आणि खाल्लं तर तिच्या ओट्यावर पडणार. पारू जिन्याखालून परत गेली, ठळक. माझ्यामुळे तिच्या हाताला भीती बसली. मी आजवर कुणाच्या घरच्या अन्नाला नाव ठेवलं नव्हतं."

मी रागावले. कुलपावर, कचेरीवर, गुलाबी बाटल्यांवर, साखरेवर. सगळ्यांवर बोलून झालं. त्या ऐकत होत्या की नाही देव जाणे. शेवटी मीही दमले आणि मसुदा पिशवीत घातला.

ही कोंडी फोडली ती काकांनी, आणि तीसुद्धा वैतागून. लाजदादी भेटायला आली होती. सवयीने पापड घेऊन आली, मग खायचं की नाही ते कळेना म्हणून तसाच मांडीवर धरून बसली होती. काका त्या दिवशीची कितवीशी वाटी घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याकडून आले आणि विमलताईंनी तोंड फिरवलं.

काकांनी वाटी खाली ठेवली. आदळली म्हटलं तरी चालेल.

"सात वेळा गॅस पेटवतो मी. सात वेळा! आणि तू सात वेळा तोंड वेडंवाकडं करतेस. मला काय स्वयंपाक येतो? नसेल खायचं माझ्या हातचं तर जा, सात घरी जाऊन जेव!"

काका आमच्या माहितीत एवढं एका दमात कधी बोलले नव्हते. ते स्वतःही घाबरलेले दिसत होते.

लाजदादी आधी हसली. "ताई, भैया सही बोल रहे हैं ना? डॉक्टर ने क्या बोला, थोड़ा थोड़ा, बार बार. तो एक घर में एक कटोरी. तेरा तो पहले से यही धंदा है."

विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. "पापड भाजलेला आहे की तळलेला?" त्यांनी विचारलं.

"भाजलेला. पानी नहीं दूँगी लेकिन."

"पाण्यासाठी भांडेन मी तुझ्याशी," त्या म्हणाल्या आणि पापडाचा एक कोपरा मोडून घेतला. बराच वेळ चावत होत्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पत्रकात तसं लिहिता येतं, 'लढा यशस्वी'. खरं असं की कधी एखादं घर जमायचं, कधी दोन. कधी पहिल्याच घरी पोट गच्च व्हायचं आणि आम्ही परत फिरायचो. वजन आलं ते थोडंच. मधे मधे बी-बाराचं इंजेक्शन, मधे मधे पुन्हा दुर्बीण. चालताना दर वळणावर थांबायच्या. पण त्यांनी बायकांना स्वच्छ सांगायला सुरुवात केली. गोड नको, तिखट नको, मऊ भात चिमूटभर, वरण असलं तर वरण, अंडं असलं तर अर्धं. "आणि मला वेळ लागेल. तुला कामं असतील तर आधी आटप, मग बसू." गंमत अशी की पूर्वी जेवण लवकर संपायचं, आता एक वाटी संपायला एवढा वेळ लागायचा की बाईला सांगण्यासारखं सगळं सांगून व्हायचं. आमची पाच दारं होती ती दोनावर आली. मी तक्रार केली नाही. करण्याइतका जोर माझ्यातही उरला नव्हता.

पारूबाईकडे जायचं मात्र त्या टाळत होत्या. मग त्यांची इमारत धोकादायक ठरली. महापालिकेची नोटीस चिकटली, माणसं भांडी बाहेर काढू लागली, आणि काकांनी अलिबागकडे मुलीकडे जायचं ठरवलं. तेव्हा विमलताई म्हणाल्या, "एकदा पारूकडे जाऊन येऊ."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे. फोनवर त्या भेटतात, आवाज बारीक झालाय पण 'काय गं ठळक' अजून तसंच आहे. पाहिलं म्हणायचं तर तेव्हाच.

दुपार कलली होती. पारूबाईने दारात आम्हाला पाहिलं आणि जागची हलली नाही. विमलताई ओट्यावर टेकल्या, धाप लागली होती. म्हणाल्या, "काय केलंयस गं आज?"

"काय नाय," पारूबाई म्हणाली. "तुला नाय देनार मी काय."

"भात असेल की. मऊ कर. मीठ घाल. गूळ डब्यात राहू दे."

पारूबाई आत गेली. भात पुन्हा चुलीवर ठेवला, पाणी घालून, पळीने घोटून घोटून. लहानशा वाटीत वाढला. स्वतःसाठीही तेवढाच घेतला, आणि दोघी समोरासमोर बसल्या. पहिला घास विमलताईंनी तोंडात घातला तेव्हा पारूबाईने स्वतःचा घास घेतला नाही. ती बघत होती. कपाळावर घाम येतोय का, ओठ पांढरे होतायत का. विमलताई चावत होत्या. डोळे मिटून, सावकाश.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली, मी दाराबाहेर आले. आरोग्य खात्याचे साहेब, तेच कचेरीतले. कुठलीशी पाहणी होती, उपकेंद्र उघडून त्याचे फोटो काढायचे होते, आणि किल्ली कुणाकडे आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मला त्यांनी ओळखलं. माझ्या हातातला गठ्ठाही ओळखला. म्हणाले, "तुमच्या त्या बाई आहेत ना आत? जरा बोलवा. दोन मिनिटं बोलून घेऊ त्या डॉक्टरच्या विषयावर. मला पुढे जायचंय."

मी आत वळले. तोंड उघडणार, तोच पारूबाई उठून दारात आली. खरकटा हात तसाच, दाराच्या चौकटीला कोपर टेकलेलं. साहेबांच्या निम्म्या उंचीची ती.

"बसा सायेब," ती म्हणाली. "ताय जेवते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जीपकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग रुमालाने ओट्याची कड पुसली आणि बसले.

मला अंबरनाथच्या सभेला जायचं होतं, टमटमवाला हॉर्न मारत होता. मी पत्रकांचा गठ्ठा विमलताईंच्या शेजारी ठेवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त हात हलवून मला जा म्हटलं. टमटममध्ये बसून मागे वळून पाहिलं तेव्हा साहेब ओट्यावरच होते, पारूबाई परत आपल्या जागी बसली होती आणि विमलताई चावत होत्या.

वाटीत अजून बराच भात होता.